पावसाची पुस्तकं, थंडीची पुस्तकं

मला पुस्तकांची नावं आठवत नाहीत, पुठ्ठे आठवतात. हिरव्या पुठ्ठ्याचं. उंदरानं कोपरा खाल्लेलं. पाठ वाकलेलं. चहाच्या पेल्याचा गोल डाग पडलेलं. यंदा आषाढ लागायच्या आधी आमच्या सौंसरच्या बुद्धविहारातली प्रज्ञा माझ्या संत्र्याच्या गोदामात आली आणि वर्षावासात लोकांनी घरी काय वाचावं याची यादी करून द्या म्हणाली, तेव्हा हे सगळे पुठ्ठे एकामागून एक डोळ्यांपुढे आले. एकाचंही नाव सांगता येईना.

"दहा-बारा नावं द्या काका," ती म्हणाली. प्रज्ञा शाळेत शिकवते, विहाराचं वाचनालयही तीच सांभाळते. "चार-पाच धम्माची, बाकीची माणसाले पुढं नेणारी. आजकालच्या पोरायले तशीच लागतात. तुमच्या गाडीत तं सदा एखादं पुस्तक पडलेलं असते."

"आणि विहारात ग्रंथ कोण वाचून राहिलं यंदा?" मी विचारलं.

"ते ठरलं न काका. तिघं जण आहेत, पाळीपाळीनं."

"मी नाही त्याच्यात."

ती हसली. "तुम्ही कुठं बसान? तुमचा तं फोनच बंद होत नाही."

ती गेली. मी त्या दिवशी दोन शेतकऱ्यांशी कारण नसताना भांडलो आणि एकाच्या बगीच्याचा ठरलेला सौदा सोडून दिला. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, आमच्याकडे रोज दिवेलागणीला विहारात ग्रंथ वाचला जातो. वाचणारा पांढरे कपडे घालून समोर बसतो, बाकीचे ऐकतात. सौंसरात मला येऊन चाळीस वर्षं होत आली. विहाराची फरशी, पंखे, पुस्तकांचं कपाट, कशाच्याच वर्गणीला मी नाही म्हटलं नाही. त्या आसनावर बस असं मात्र मला कोणी म्हटलं नाही. पुस्तकं सांगायची मी आणि वाचायची दुसऱ्यांनी. हे मला इतकं का झोंबतं याचं कारण सौंसरवाल्यांना बिचाऱ्यांना माहीत नाही. ते कारण तिगावचं, माझ्या गावचं आहे.

पुठ्ठ्यांची नावंही तिगावलाच मिळणार होती. म्हणून एका शनिवारी मी गाडी काढली. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीला जाणाऱ्यांची ही गर्दी. तिथं अर्धा तास गाडी हलली नाही. एरवी मी खाली उतरून चार जणांवर ओरडलो असतो. त्या दिवशी काच वर केली आणि बसून राहिलो. पांढुर्णा मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पराटीची, म्हणजे कपाशीची, नुकती वर आलेली दोन-दोन पानं दिसायला लागली, आणि मग तो वास आला. ओली काळी माती, आणि तिच्यात कुठून तरी मिसळलेला रुळांचा लोखंडी वास. हा वास फक्त तिगावचा आहे. तो आला की माझं वय गळून पडतं.

तिगावचा विहार तेव्हा एका खोलीचा होता. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आणि मागची भिंत रेल्वेच्या लाइनीला इतकी जवळ की गाडी जाताना बुद्धाच्या तसबिरीची काच थरथरायची. पावसाळ्यात लोक शेतातून सरळ यायचे. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. दारात पाण्याचा माठ असायचा, त्यातलं पाणी पायावर घ्यायचं आणि आत यायचं. आत रॉकेलचा वास, अगरबत्तीचा वास, ओल्या पोत्यांचा वास, आणि कोपऱ्यात निखाऱ्यावर टाकलेल्या वाळक्या संत्र्याच्या सालींचा, डासांसाठी. पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत, खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली. पानापानांत कडुनिंबाचा पाला. ग्रंथ उघडला की आधी तो पाला मांडीवर पडायचा, मग शब्द दिसायचे.

आमचं राज्य हिंदी, म्हणून शाळेत आम्ही हिंदी शिकायचो, घरी वऱ्हाडी बोलायचो, आणि विहारात वंदना पालीत म्हणायचो. ग्रंथाची मराठी या तिन्हींहून वेगळी होती, स्वच्छ इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखी. तिचे शब्द घरी कोणी वापरत नव्हतं, पण ते आपलेच आहेत असं ऐकताना वाटायचं. म्हातारी माणसं काही वाक्यं वाचणाऱ्याच्या आधी ओठांत म्हणायची.

आणि मालगाड्या यायच्या. तिथं चढ आहे. कोळशाची भरलेली गाडी चढाला लागली की पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीनं जायची. विहाराचा नियम असा होता, की गाडी आली की वाचणाऱ्यानं थांबायचं. ज्या शब्दावर असेल त्यावर बोट ठेवायचं आणि शेवटचा डबा जाईपर्यंत बोट हलवायचं नाही. सगळेच थांबायचे. कोणी बोलायचं नाही. भिंत हलायची, दिव्याची ज्योत हलायची, एखादं लेकरू आईच्या मांडीवर डबे मोजायचं आणि झोपून जायचं. मग शेवटचा डबा, मग दूर जाणारा आवाज, मग पावसाचा आवाज परत यायचा, आणि त्याच्यावर तो अडलेला शब्द. तो शब्द थांबला नसता तर इतका मोठा वाटला नसता.

हे आज लिहितो आहे. तेव्हा मला ते थांबणं सहन होत नव्हतं. वाटायचं, ही माणसं सगळ्यांसाठीच थांबत आली आहेत, निदान इथं तरी कशाला थांबायचं?

मी सतरा वर्षांचा होतो त्या वर्षी आसन मला मिळालं. मोहल्ल्यात दहावी झालेला मी एकटा होतो आणि माझा आवाज मोठा होता. आईनं पांढरा सदरा निळीत बुडवून काढला होता. मी बसलो, वंदना झाली, पाला मांडीवर पडला, आणि दुसऱ्याच पानाला मालगाडी आली. मी थांबलो नाही. मी आवाज वाढवला. गाडीशी माझी जणू पैज लागली. ती जितकी खडखडायची तितका मी ओरडायचो, घसा ताणून, पानावरची नजर न काढता. समोर सगळे हात जोडून बसलेले. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, पटलं त्यांना. रोज तसंच. पावणेतीन महिने मी गाड्यांना हरवत होतो.

त्याचा परिणाम असा झाला, की आश्विन पौर्णिमेला नऊ दिवस असताना ग्रंथ संपला. तिगावात असं कधी झालं नव्हतं. ग्रंथाची समाप्ती पौर्णिमेलाच व्हायची. त्या दिवशी खीर, पांढरी लुगडी, पांढुर्ण्याहून येणारे पाहुणे. मी मात्र छाती काढून ग्रंथ मिटला आणि म्हणालो, "संपला."

दाराजवळून आवाज आला, "संपला कसा?"

पंचफुला मावशी. नात्यानं कोणाचीच मावशी नव्हती, मोहल्ल्याची होती. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, संत्री तोडायची, आणि पाय कितीही धुतले तरी चिखलाचेच आहेत असं समजून दाराशी बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. पण त्या खोलीत ग्रंथ पहिल्यांदा उघडला तेव्हापासून तिनं एक वर्ष सोडलं नव्हतं. काना-मात्रेसह तो तिच्या कानात होता.

"संपला म्हणजे संपला. शेवटचं पान झालं," मी म्हणालो.

"रागाचं कुठं आलं? दानाचं अर्धं आलं. रोग्याची सेवा करायचं तं आलंच नाही."

"मी वाचलं ते."

"तू वाचलं असशीन बाप्पा. आम्ही नाही ऐकलं. मालगाडीनं नेलं ते इटारसीले."

सगळी खोली हसली. माझी आई हसली. म्हातारे हसले, मागे झोपलेली लेकरं उठून हसली. ते हसणं वाईट नव्हतं, आज कळतं. पण सतराव्या वर्षी हसण्यात चांगलं-वाईट नसतं, नुसतं हसणं असतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरलो असतो. मावशीनं पुढं जे केलं ते मी विसरलो नाही. ती म्हणाली, "उठ तिथून. विमल, तू बस. जे जे गाडीनं नेलं ते ते वाच. नऊ दिवस आहेत."

विमल म्हणजे स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या काटेवाल्या काकाची नवी सून, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला वाचायला बसवणं म्हणजे बैलाला बगीच्याच्या बांधावरून चालवणं. एकेक अक्षर बोटानं पुढे ढकलायची. "म... नु... मनुष्य." मी दहावी झालेला, निळीतल्या सदऱ्यातला, उठलो, आणि ती बसली.

त्या नऊ दिवसांत मी आत गेलो नाही. भिंतीपलीकडे, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगावर बसायचो. पावसात पोतं पांघरून, रागानं धुमसत. पण भिंत मातीची होती आणि विमल सावकाश वाचायची. सगळं ऐकू यायचं. रागाचं प्रकरण तिनं दोन दिवस वाचलं. मी ते मोठ्यानं ओरडून वाचलेलं होतं आणि त्यात काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. ती "क्रो..." म्हणून थांबायची, तिकडून गाडी यायची, आणि मी बाहेर बसून त्या अर्ध्या शब्दाची वाट बघायचो.

पौर्णिमेला ग्रंथ वेळेवर संपला. खीर मी खाल्ली नाही. नंतर कधीही मला तिथं वाचायला बोलावलं नाही.

थंडीत मी तिगाव सोडलं. सौंसरला एका व्यापाऱ्याकडे खोके भरायला लागलो. खाली तणसाचं वाळकं गवत, त्यावर संत्री, परत तणस. आठ तास वाकून. पोटात राग होता आणि तो राग कामाला आला. मी भराभर शिकलो, भराभर भांडलो, बगीच्यात पाऊल टाकताच झाडावर किती माल आहे ते सांगायला लागलो. माझ्यापुढे भाव बोलायला लोक कचरायला लागले. पण त्या पहिल्याच थंडीत एक दिवस पांढुर्ण्याकडून आलेल्या तोडणीच्या टोळीतली एक बाई माझ्यापुढे उभी राहिली. तिनं पदराखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"पंचफुलाबाईनं धाडलं. म्हणे, थंडीत हिरव्या पुठ्ठ्याचं वाचजो. रोज एकच पान. दोन नको."

मी ते पुस्तक खोक्यांच्या मागे फेकलं. आठ दिवसांनी शोधून काढलं.

तेव्हापासून दर हंगामाला पुस्तक यायला लागलं. कधी तोडणीच्या टोळीबरोबर, कधी पांढुर्ण्याच्या बसमध्ये कंडक्टरजवळ, एकदा तर तणसात, दोन संत्र्यांच्या मध्ये. दसऱ्याला नागपूरला गेलेली माणसं पुस्तकं घेऊन यायची. मावशी ती दिवसभर मजुरी करून आल्यावर कोणाकडून तरी वाचून घ्यायची, आणि मग ठरवायची की कोणतं कधीचं. अक्षर न येणारी बाई साऱ्या मोहल्ल्याला सांगायची की कोणी काय वाचावं, आणि कोणी वाद घालत नव्हतं. नावं तिला कळत नव्हती, म्हणून पुठ्ठे. मीही मग पुठ्ठ्यांनीच ओळखायला लागलो, नावाच्या पानाकडे बघितलंच नाही. निरोप तोंडीच असायचे, पण आणणारे ते शब्दन् शब्द सांगायचे, इतके ते सांगण्यासारखे असायचे.

पावसात धम्माचं जाड पुस्तक. "पावसात माणसं घरात कोंडतात अन् कोंडली की भांडतात. म्हणून तेव्हा धम्म पाहिजे."

कापूस वेचणीच्या दिवसांत, खालून वर आलेल्या माणसांची चरित्रं. "वेचताना माणूस वाकलेलं असते. तेव्हा उभ्या राहिलेल्या माणसायचं ऐकाव."

थंडीत पातळ पुस्तक. सवयी कशा बदलाव्या, जीभ कशी आवरावी, वेळ कसा राखावा. रोज एक पान. "हात गुंतलेले असतात. एक पान डोक्यात घेऊन दिवसभर चावत राहाव."

आणि उन्हाळ्यात काहीच नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी निरोप धाडला, पुस्तक काऊन नाही आलं? उलटा निरोप आला, "वर्षभर वाचलं ते आता करून पाह्य. पाऊस येईपर्यंत टाइम आहे."

उन्हाळ्याआधी संत्र्याला आंबिया बहाराची फुलं येतात. त्या दिवसांत साऱ्या सौंसरला तो वास असतो, इतका की भाकरीलाही लागतो. मी बगीच्यांतून फिरायचो, हिरव्या पुठ्ठ्यातलं एखादं पान चावत. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे उभा होतो. तो चिडला होता, मी चिडणार होतो, तोंड उघडलं होतं. का कोण जाणे, थांबलो. तो बोलून बोलून दमला. मग दोघंही फुलांकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "चाल, चहा घेऊ." त्या म्हाताऱ्याचा बगीचा आजही माझ्याकडेच येतो, आता त्याचा नातू बोलतो. मला धंदा त्या व्यापाऱ्यानं शिकवला असं मी लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. व्यापाऱ्यानं मला बोलायला शिकवलं. गप्प कुठं बसायचं ते मला ज्या खोलीतून उठवलं त्या खोलीनं शिकवलं.

तरीही राग होता. खोटं कशाला लिहू? दर पुस्तकाबरोबर तो ताजा व्हायचा. पुस्तक धाडायचं, बोलावणं नाही धाडायचं. मी वाचून परत करायचो, आत कडुनिंबाचा पाला घालून, पण दोन ओळींचा निरोप कधी जोडला नाही. लग्न, घर, गोदाम, मुली शिकायला नागपूरला, सगळं झालं. मावशीचे हात थकले तसा पुस्तकांचा रतीब थांबला. आणि आता हा शनिवार.

मावशी ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या पुढची. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं. शेजारी विमल, शेंगा फोडत. तिचेही केस पांढरे. इतक्या वर्षांत आम्ही कुठं लग्नात, मयतीत भेटलो असू, तेवढंच.

"कोण आलं?" मावशीनं विचारलं.

"ओळख," मी म्हणालो.

"मालगाडी आली," ती म्हणाली, आणि विमल इतकी हसली की शेंगा सांडल्या.

प्रज्ञाच्या यादीचं सांगितल्यावर विमलनं पेटी बाहेर आणली. पेटी उघडली आणि मी हिरवं शोधायला लागलो. सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची वेष्टणं. हिरवं नाही, उंदरानं खाल्लेलं नाही, सगळी एकसारखी.

"फाटून राहिली होती, म्हणून मी चढवली," विमल म्हणाली. "नावं आत आहेत न."

"मले नावं माहीत नाहीत."

"मले दे," मावशी म्हणाली.

तिनं एकेक पुस्तक हातात घेतलं. तळव्यावर तोललं, अंगठ्यानं पानं फरकन सोडली, नाकाजवळ नेलं. "हे पावसाचं. हे वेचणीचं. हे... हे थंडीचं, तुह्यावालं." विमल पहिलं पान उघडून नाव वाचायची आणि मी लिहायचो. विमल आता अडखळत नव्हती. पण घाईही करत नव्हती. प्रत्येक नाव ती असं म्हणायची की जणू त्या नावाचं माणूस समोर बसलं आहे. दुपार उतरेपर्यंत माझ्या कागदावर चौदा नावं झाली. ज्यांनी मला वाढवलं त्यांची नावं मला छप्पन्नाव्या वर्षी कळली.

तेवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण मी निघणाऱ्यातला नाही.

"मावशी, एक विचारतो. इतकी वर्षं पुस्तकं धाडली. एकदा तरी वाचायले बोलावलं काय?"

"नाही."

"काऊन?"

"तू मागितलं काय?"

"मागाव लागते का? सारं गाव ऐकून होतं. हिच्यापेक्षा चांगलं येत होतं मले. मी दहावी झालो होतो. ही चौथी."

"तिसरी," विमल म्हणाली. "चौथीत बसली होती. पास नाही झाली."

मला हसू आलं आणि त्याचाच अजून राग आला. "चाळीस वर्षं हे घेऊन फिरून राहिलो मी. तुम्हाले वाटते मी विसरलो?"

"आम्ही कुठं म्हटलं विसर म्हणून," मावशी शांतपणे म्हणाली. "आता पाहिजे काय, ते बोल. तू तं सौदा करणारा माणूस होय."

"समाप्ती पाहिजे. आश्विन पौर्णिमेची."

"ते विमलचं."

"मग सुरुवात."

"सुरुवात लेकरायची. लहान पोरं वाचतात आता पहिला दिवस."

"मग उरलं काय?"

"भादव्यातला एक मंगळवार आहे. भिक्षूच्या नियमायची यादी असते त्या दिवशी. लोकायले झोप येते. कोणी वाचाले तयार नसते."

"तो मले देते? सौंसरहून येऊ मी त्याच्यासाठी? आठवडा दे."

"एक दिवस."

"तीन. अन् मी विहाराले चांगला माइक आणून देतो. मोठे स्पीकर. गाडी आली तरी आवाज वर जाईन. थांबाचं कामच नाही."

बोलून झालं आणि मला कळलं मी काय बोललो ते. विमलनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. मावशी माझ्या दिशेनं बघत होती, जिथं मी असेन असं तिला वाटलं तिथं.

"पाह्य विमल," ती म्हणाली. "काहीच बदल नाही पोरात."

तिच्या आवाजात इतकी माया होती की माझ्याजवळ पुढचा भावच राहिला नाही. माझ्या जन्मात मी समोरच्याच्या पहिल्या बोलीला हो म्हटलेलं नाही. भाजीवालीला नाही, सोयऱ्यांना नाही. त्या ओट्यावर मी म्हटलं, "बरं. मंगळवार."

"पांढरा सदरा घालून येजो," विमल म्हणाली. "नीळ घालून."

यादी मी प्रज्ञाला दिली. तिनं वाचली आणि गोंधळली. "काका, मी वर्षावासाची मागितली होती. तुम्ही तं पाऊस, वेचणी, थंडी असं सारं वर्ष दिलं. अन् उन्हाळ्यापुढं काहीच नाही लिहिलं."

"आहे ते तसंच लाव," मी म्हणालो. आता ती यादी विहाराच्या दाराशी लागली आहे. माझा वाचणाऱ्यांना एवढाच सल्ला आहे, की पुस्तक चांगलं की वाईट हे विचारायच्या आधी ते कोणत्या दिवसांचं आहे ते विचारा. माणसाला वर आणणारं पुस्तक तो वाकलेला असताना द्या. रागाचं पुस्तक रागीट माणसाला रागात देऊ नका, थंडीत द्या, पातळ द्या, आणि द्यायला कोणी बाई धाडा जी निरोप जसाच्या तसा सांगेल. मला अशी माणसं मिळाली. ती मला कष्टानं मिळाली नाहीत, घासाघीस करून मिळाली नाहीत. माझ्या मालकीचं जे काही आहे त्यात एवढंच फुकट आलेलं आहे, आणि त्याच्याच जिवावर बाकीचं उभं आहे.

भाद्रपदातला तो मंगळवार मागच्या आठवड्यात झाला. फोन गाडीत ठेवून गेलो. विहार आता पक्का आहे, खाली फरशी आहे, भिंत जाड आहे, पण लाइन तिथंच आहे. अकरा माणसं होती, त्यातली तीन वंदनेलाच पेंगायला लागली. मावशीला खुर्ची ठेवली होती तरी ती दाराशी सतरंजीवरच बसली. मी नियमांची यादी वाचली. भिक्षूनं अंगावरचं चीवर कसं धुवावं, भिक्षा कशी घ्यावी, आजाऱ्याजवळ कसं बसावं. एकेका शब्दावर बोट ठेवत गेलो. दोन गाड्या गेल्या, दोन्ही वेळा थांबलो. वाचून झालं, साधु साधु साधु झालं. कोणी वाहवा केली नाही. लोक छत्र्या शोधायला लागले.

एक तरुण बाई मागे थांबली होती. पांढुर्ण्याहून नुकतीच राहायला आलेली, पहिल्यांदाच विहारात आलेली. कडेवर लेकरू. तिनं विचारलं, "भाऊ, उद्या पण तुम्हीच वाचता काय?"

"नाही," मी म्हणालो. "उद्या विमलवहिनी वाचते. उद्या नक्की या. ती माझ्यापेक्षा चांगलं वाचते."

विमल सतरंजी गुंडाळत होती. ती तशीच वाकलेली राहिली.

दाराशी मावशीनं मान वळवली. "काय म्हणला तो? मले ऐकू नाही आलं."

मावशीचे डोळे गेले आहेत, कान शाबूत आहेत. भिंतीपलीकडची पाल तिला ऐकू येते. हे मला माहीत होतं, विमललाही माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे मावशीला माहीत होतं. गाडी नव्हती, पाऊस नव्हता. छत्र्या शोधणारी माणसंही थांबली होती.

मी परत म्हटलं. या वेळी मोठ्यानं म्हटलं.